रोहिणखेडची उजवी बाजू

मोताळ्याच्या लोकांना रोहिणखेडचं फारसं अप्रूप नाही. बुलडाण्याकडे चढणाऱ्या डोंगराच्या पायथ्याचं गाव, आसपास कपाशी, मका आणि सोयाबीन. पाहण्यासारखी एक जुनी मशीद आहे. ती १५८२ साली खुदावंदखान महदवी नावाच्या सरदाराने बांधली. दख्खनच्या इतिहासात मात्र रोहिणखेडचं नाव दोनदा येतं, आणि दोन्ही वेळा कारण एकच: दरबारातल्या दोन गटांचं वैर. एक गट दखनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथेच मुरलेले, आणि त्यांच्या जोडीला हबशी. दुसरा गट आफाकी, म्हणजे इराण-इराक-तुराणातून समुद्रमार्गे ताजे आलेले. बहमनी राज्य आतून पोखरलं ते या भांडणाने.

मला तिथे नेलं ते एका निवृत्त इतिहास-शिक्षकांनी. सगळा तालुका त्यांना नुसतं 'सर' म्हणतो. सर माळी समाजाचे. सोबत त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. चाळिशीचा हा शेतकरी मराठा आहे, म्हणजे घरात मराठा आणि कागदावर कुणबी. २०२३ पासून या दोघांचं आरक्षणावरून वाजतंय. बोलणं मात्र बंद झालेलं नाही. आपल्याकडे आता याचंसुद्धा कौतुक वाटावं अशी वेळ आली आहे. रिक्षावाला मोताळ्याचाच होता. तो आमच्या मागोमाग मशिदीपर्यंत आला आणि सावली पाहून बसला.

सरांनी वर्गात सांगावी तशी सुरुवात केली. "खानदेशचा नसीरखान फारुकी. त्याची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीनला दिलेली. सुलतान संगमेश्वरच्या राजाच्या मुलीत रमला. थोरलीने बापाला कळवलं, आणि बाप फौज घेऊन वऱ्हाडात घुसला."

"म्हणजे सासर-माहेरची भानगड," विद्यार्थी म्हणाला.

"निमित्त तेच. सुलतानाने दौलताबादचा सुभेदार खलफ हसन याला पाठवलं. तो मूळ बसऱ्याचा. आधी माहीमला गुजरातच्या फौजेने त्याला हरवलं होतं, आणि त्याने खापर फोडलं होतं दखन्यांवर. या खेपेला त्याची अट होती की माझ्याबरोबर फक्त परदेशी द्या, दखनी नको. १४३७ च्या सुमाराची गोष्ट. इथे रोहिणखेडला तो जिंकला आणि नसीरखानाचा पाठलाग करत बुऱ्हाणपुरापर्यंत गेला. परत आल्यावर सुलतानाने बक्षीस काय दिलं? इथून पुढे दरबारात आफाकी उजव्या बाजूला बसतील आणि दखनी डाव्या. माझं म्हणणं एवढंच आहे बाबा. जोवर माणसं एकमेकांत मिसळून होती तोवर कुरबुरी होत्या. सरकारने बाजू ठरवून दिली आणि त्यांचं वैर झालं."

"आणि पुढं?"

"पुढे दहा वर्षांत चाकण. कोकणात शिर्क्यांनी खलफ हसनाला फसवून मारलं. उरलेसुरले आफाकी चाकणच्या गढीत आले. दखनी सरदारांनी सुलतानाला लिहिलं की हे फितूर आहेत. आफाक्यांची पत्रं वाटेतच अडवली. मग अभय देऊन, जेवायला बोलावून त्यांची कत्तल केली. १४८१ ला आफाकी वजीर महमूद गावान. त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवला, त्यावर खोटं पत्र लिहिलं आणि सुलतानाला दाखवलं. त्याच दिवशी त्याचं डोकं उडालं. आणि १५९१ ला पुन्हा इथेच, रोहिणखेडला. दखन्यांचा पुढारी जमालखान अहमदनगरच्या गादीचा मालक होऊन बसला होता. दोन वर्षांपूर्वी नगरात आफाक्यांची कत्तल झाली ती त्याच्याच लोकांकडून. तो इथे लढाईत पडला. बाजू ठरवून दिल्याला दीडशे वर्षं होऊन गेली होती, तरी भांडण चालूच."

विद्यार्थी जरा वेळ मशिदीच्या दगडांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, दोन गोष्टी. खलफ हसन दखन्यांवर खापर फोडते माहीमला. ते तं उजव्या-डाव्या बाजूच्या आधीचं हाय नं? म्हणजे खार आधीच होता, सुलतानानं त्यावर नुसती मोहोर मारली. आन दुसरी गोष्ट, हे सगळं लिहून ठेवलं कोणी?"

"फिरिश्ता."

"तो कोणाकडला?"

सर हसले. "आफाकी. इराणातल्या अस्तराबादचा. नगरला वाढला. तिथे आफाक्यांवर वेळ आली तेव्हा विजापूरला गेला."

"मंग दखनी पळकुटे, दखनी फितूर, दखन्यांनी जेवणात दगा दिला, हे कोण सांगून राह्यलं? ज्याले पळावं लागलं तो. डाव्या बाजूचा एखादा माणूस लिहिता तं हीच गोष्ट कशी असती?"

सरांना हा विद्यार्थी का आवडतो ते तिथे कळलं. कत्तली झाल्या यात शंका नाही. पण कुठल्याही दोन समाजांच्या भांडणात आधी कोण चुकलं याचं उत्तर बखर कोणाच्या घरात लिहिली गेली यावरून ठरतं. बीड-जालन्यातल्या २०२३ पासूनच्या घटना एकाच वेळी दोन वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर वाचलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता विद्यार्थ्याने खिशातून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला एक कागद काढला. कोतवाल बुकातल्या जन्माच्या नोंदीची नक्कल. कागदाच्या घड्या चिरत आलेल्या, अक्षर मोडी. मोडी वाचणाऱ्याकडून करून घेतलेलं देवनागरी रूप मागे टाचलेलं होतं. मुलाचं नाव नाही, फक्त 'मुलगा'. बापाचं नाव, गाव आणि जातीच्या रकान्यात एक अक्षर व एक टिंब: 'कु.' हा मुलगा म्हणजे त्याचा पणजोबा.

"या एका टिंबावर माह्या पोराले ओबीसीचा दाखला हाय," तो म्हणाला. "वंशावळ, शाळा सोडल्याचा दाखला, पडताळणी, सगळं नीट. माही बहीण भोकरदनकडे दिली. घाट चढून गेलं की दोन-तीन तासांची वाट. सोयरीक जुनी, देवक जुळते, शेती तीच, कर्ज तेच. पण तिचे पोरं ओपन. जात बापाची लागते, आन बापाच्या गावात 'कु.' लिहिलेला कागद सापडला नाई. मामा ओबीसी, भाचा ओपन. हे कोणत्या शास्त्रात बसते?"

शास्त्रात नाही, पण इतिहासात बसतं. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं. १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिलं आणि पुढे मध्य प्रांताला जोडलं गेलं. जालना, भोकरदन हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडेच होता. एका डोंगराच्या दोन अंगांना दोन सरकारं, दोन दफ्तरं आणि कागद राखण्याच्या दोन तऱ्हा. वऱ्हाडात कुणबी म्हणून नोंद करून घ्या असं पंजाबराव देशमुखांनी सांगितलं आणि लोकांनी ऐकलं, असं इकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मराठवाड्यात तसं सांगणारा कोणी नव्हता, आणि असता तरी पाटीलकी मिरवणाऱ्यांनी ते किती ऐकलं असतं कोण जाणे. १९६७ च्या राज्याच्या ओबीसी यादीत कुणबी आले. २००४ मध्ये त्याच नोंदीखाली कुणबी-मराठा आणि मराठा-कुणबीही आले. कागद असलेले आत गेले आणि नसलेले बाहेर राहिले.

"हे माझ्याच बाजूचं झालं," सर म्हणाले. "तुझ्या बहिणीच्या घरात आणि तुझ्या घरात फरक नव्हता. तो सरकारी रेघेने पाडला. रुआंडात काय झालं? हुतू आणि तुत्सी. भाषा एक, डोंगर एक. बेल्जियमच्या सरकारने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या हातात जात लिहिलेलं ओळखपत्र दिलं. १९९४ ला नाक्यानाक्यावर तेच कार्ड तपासून माणसं मारली."

"रुआंडा कायले सांगता, सर? आमच्या हातात कोयते दिसले का तुम्हाले?"

"बीडला ऑक्टोबर २०२३ मध्ये आमदारांची घरं जाळली ती कशाने?"

"आन अंतरवालीत १ सप्टेंबरले बायाबापड्यांवर लाठ्या चालवल्या त्या कशानं? सांगाचंच तं मणिपूर सांगा, ते आपलं हाय. तिथंबी यादीवरूनच पेटलं."

मणिपूरचं उदाहरण त्याने बरोबर काढलं. मार्च २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने मैतेई समाजाच्या अनुसूचित जमातीच्या मागणीबाबत राज्य सरकारला निर्देश दिले. ३ मे रोजी त्याविरोधात मोर्चे निघाले आणि त्या दिवसापासून राज्य उभं फाटलं. अडीचशेच्या वर माणसं गेली, हजारो कुटुंबं छावण्यांत गेली. पण नुसत्या यादीने एवढं होत नाही. डोंगरातली जमीन कोणाला घेता येईल, इंफाळच्या खोऱ्यात सत्ता कोणाची, सीमेपलीकडून कोण आलं, ही सगळी जुनी दारू कोठारात होती.

महाराष्ट्रात यादीवरून आजवर काय झालं ते थोडक्यात सांगायला हवं, कारण दोघंही ते तोंडपाठ असल्यासारखं गृहीत धरून बोलत होते. मंडल आलं, १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास टक्क्यांची कड आखली. राज्यात इतर मागासवर्गाला १९ टक्के. कोपर्डीनंतर २०१६ मध्ये मराठा मोर्चे निघाले. २०१८ चा स्वतंत्र आरक्षणाचा कायदा ५ मे २०२१ रोजी रद्द झाला. मनोज जरांगे पाटील २९ ऑगस्ट २०२३ ला अंतरवालीत उपोषणाला बसले. न्यायमूर्ती शिंदे समितीने दफ्तरं धुंडाळली आणि कुणबी नोंदी पन्नास लाखांच्या वर सापडल्याचं सरकारने सांगितलं. ओबीसींच्या बाजूने छगन भुजबळांची अंबडला सभा झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा मराठ्यांसाठी १० टक्क्यांचा कायदा झाला, आणि त्यानंतर ओबीसींच्या बाजूने लक्ष्मण हाके वडीगोद्रीला उपोषणाला बसले. २ सप्टेंबर २०२५ ला आझाद मैदानावरच्या आंदोलनानंतर हैदराबाद गॅझेटमधल्या कुणबी नोंदी धरण्याचा निर्णय निघाला. जमिनीचा कागद नसेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले पूर्वज इथे राहत होते असं प्रतिज्ञापत्र द्यायचं, कुळातल्या दाखला असलेल्या नातेवाइकाने साक्ष द्यायची आणि गावपातळीवरच्या तीन कर्मचाऱ्यांच्या समितीने चौकशी करायची.

"तोच निर्णय मला झोपू देत नाही," सर म्हणाले. "एकोणीस टक्क्यांत साडेतीनशेच्या आसपास जाती. त्यातल्या निम्म्यांचा सरपंचही कधी झालेला नाही. आता समितीपुढे उभं राहून कोणी सांगायचं की हा माणूस कुणबी नाही? न्हाव्याने? कुंभाराने? ज्याच्या विहिरीवर पाणी भरायचं त्याच्याविरुद्ध? आक्षेप घेतला तर गावात वैर, नाही घेतला तर पोराच्या जागेवर पाणी."

विद्यार्थी यावर लगेच काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे खरं हाय. पण तुमच्या मनात भीती हाय ती आमच्या दाखल्याची नाई, आमच्या संख्येची हाय."

"दोन्हीची आहे. संख्या तुमची, साखर कारखाने तुमचे, बँका तुमच्या, आमदार तुमचे."

"माहा कोणता कारखाना हाय, सर? आजोबाले सोळा एकर होतं, माह्या वाट्याले पावणेतीन आलं. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, आन आम्ही चार हजारानं दिलं. आमदाराचं आडनाव आन माहं आडनाव एक हाय म्हणून व्यापारी मले जास्त भाव देते का? माह्या मते सगळ्या भानगडीचं मूळ पोटात हाय. शेती बुडाली, पोरगा पुण्याले अभ्यासिकेत बसला, जागा निघते शंभर आन फॉर्म येते लाखभर. तिथं कोणाले तरी दोष द्यावाच लागते. यादी नसती तं दुसरं काही असतं."

"माळ्याला, धनगराला सोयाबीनचा वेगळा भाव मिळतो?"

"नाई. तेच तं म्हणून राह्यलो."

"मग हमीभावासाठी का नाही बसत उपोषणाला?"

"बसलो नं! तहसीलवर. कोण आलं? बोटावर मोजण्यासारखे. जातीसाठी हाक मारली की टॅक्टर भरून येते."

इथे दोघंही जुन्या आठवणींवर गेले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या काळात या भागात कापसाच्या भावासाठी रस्ते अडवले गेले. तेव्हा सरांचे वडील आणि विद्यार्थ्याचे वडील एकाच ट्रकमधून गेले होते. बिल्ला एकच, जात कोणी विचारली नाही. सर म्हणाले की तेव्हा लोक चांगले होते. विद्यार्थ्याला हे मान्य नव्हतं, आणि त्याचं उत्तर मला त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

"लोक तेच होते. पण भाव भेटला तं सगळ्याले भेटते, जो घरी झोपला त्यालेबी. म्हणून त्यासाठी मराले कोणी तयार नाई. दाखला आपल्या घरात येते, आपल्या पोराच्या नावानं, लॅमिनेशन करून. आन सरकारचं पहा. भाव द्याचा तं पैसा लागते. दाखला द्याले नुसता कागद लागते."

मला वाटतं सरांचा सुलतान आणि विद्यार्थ्याचं पोट इथे एका जागी येतात. आफाक्यांना आणि दखन्यांना सारखी जहागीर द्यायची तर मुलूख हवा. उजवी बाजू द्यायला काहीच लागत नाही. तिजोरी आखडती असली की राज्यकर्ते मान वाटतात, क्रम वाटतात, यादीतला क्रमांक वाटतात. मिळालेली गोष्ट प्रत्यक्षात किती तोकडी आहे हे कळायला वर्षं जातात. दरम्यान शेजारी मात्र वैरी झालेला असतो. आरक्षण हे खिरापत आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. ज्यांना शेकडो वर्षं शिकू दिलं नाही त्यांच्यासाठीचं आरक्षण हा हिशेब चुकता करण्याचा भाग आहे. पण बुडत्या शेतीवरचा उतारा म्हणून ते वापरलं की ते पुरणार नाही, आणि न पुरल्याचा राग सरकारवर न जाता रांगेतल्या पुढच्या माणसावर जाईल.

सर मात्र आपला मुद्दा सोडायला तयार नव्हते. "तरीही सरकारने बाजू पाडल्या नाहीत तर भांडण एवढं चढत नाही."

"मंग नामांतर?" विद्यार्थी म्हणाला. "२७ जुलै १९७८ ले विधिमंडळानं ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाले बाबासाहेबांचं नाव. कोणाची जागा गेली? कोणाचा घास गेला? एक नाव. त्यासाठी मराठवाड्यात वस्त्या जाळल्या. नामविस्तार व्हाले १४ जानेवारी १९९४ उजाडलं. तिथं पोटबी नव्हतं आन यादीबी नव्हती. मानाची गोष्ट होती. आमच्याच लोकांनी केलं, मी नाई म्हणत नाई."

हे आपल्या स्वतःच्या पोटाच्या मुद्द्याविरुद्ध जातंय हे त्याच्या लक्षात आलं असावं, पण त्याने ते मागे घेतलं नाही. सरही गप्प राहिले. जाळणाऱ्यांत फक्त 'त्याचेच' लोक होते असं मानायला सरांचं मन तयार असणार, पण इतिहास-शिक्षक म्हणून ते तसं म्हणाले नाहीत.

तेवढ्यात रिक्षावाला बोलला. तो बौद्ध वस्तीतला, हे विद्यार्थ्याला माहीत होतं, मला नव्हतं.

"मघापासून ऐकून राह्यलो. उजवीकडं कोण, डावीकडं कोण. म्हणजे दोघंबी दरबारात बसलेलेच नं? जो दाराबाहेर उभा होता त्याचं काई आलं का तुमच्या त्या बुकात?"

"नाही आलं," सर म्हणाले.

"मंग तुमचं मिटलं काय आन राह्यलं काय. तुमचं भांडण पेटलं की आमची वस्ती आधी घाबरते, आन तुमचं गोड झालं की आमच्याच गायरानावर दोघं मिळून येता."

शांततेबद्दल बोलताना ही बाजू सुटते. दोन मोठ्या समाजांचा सलोखा तिसऱ्याच्या जिवावर होऊ शकतो. गावोगावच्या 'समेटा'च्या बैठकांत कोण सतरंजीवर असतं आणि कोण चपलांपाशी, हे पाहिलं तरी पुरे.

परतीच्या वाटेवर शांततेचे उपाय निघाले, आणि त्यात दोघांची मतं अदलाबदल झाल्यासारखी वाटली. सरकारला दोष देणाऱ्या सरांना सरकारी उपाय हवे होते. पोटाची भाषा बोलणारा विद्यार्थी माणसांच्या बैठकीवर आला.

सरांनी भिवंडी सांगितली. १९७० आणि १९८४ ला तिथे मोठ्या दंगली झाल्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढारी वगळून साधी माणसं घेतली, दोन्ही धर्मांची. हवालदाराला जबाबदारी दिली. दंगल नसताना बैठका घेतल्या, नळाच्या आणि गटाराच्या भांडणावर. १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. "आपल्याकडे शांतता समिती कधी बसते? गणपतीच्या आधी, ठाण्यात, चहा-बिस्किटावर, फोटोपुरती. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटलांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली. ती चांगली होती, पण बक्षिसाची कमान उभी राहिली की गाव तंटामुक्त."

"बीडच्या पोलिसांनी टेबलावरच्या पाटीवरून आडनावं काढली, नुसतं नाव ठेवलं," विद्यार्थी म्हणाला. "२०२५ ची गोष्ट. लोक हसले, मले पटलं. ठाण्यात शिरल्याबरोबर हा आपला का त्यांचा, हे तरी पाह्याचं बंद."

"आणि सैलानी आहेच की," मी मध्ये तोंड घातलं. "होळीला हिंदू-मुसलमान दोघंही लाखांनी जातात, नारळाची होळी करतात."

"वर्षातून एक दिवस!" दोघंही जवळपास एकदमच म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम दंगलींच्या अभ्यासात अलीगढ आणि कालिकतसारख्या शहरांच्या जोड्या तपासल्या. सणाला एकमेकांकडे जाणं चांगलं, पण शहरात अफवा उठते त्या रात्री कामाला येतात त्या व्यापारी संघ, कामगार संघटना अशा एकत्र संस्था. दंगल झाली तर दोघांचंही नुकसान, असं ज्यांचं रोजचं गणित असतं तेच लोक अफवेचा माग काढतात. खेड्यात रोजचा शेजार पुरतो असं त्यांचं निरीक्षण. बीडमध्ये २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर अमुक जातीच्या दुकानातून माल घेऊ नका असे व्हिडिओ फिरले, तेव्हा शेजारही पुरला नाही. म्हणून मोताळ्यासारख्या ठिकाणी बघायचं ते हे: बाजार समिती, दूध संघ, नळगंगेच्या कालव्यावरच्या पाणीवापर संस्था, बचत गट, भिशी यांत किती जातींची माणसं आहेत, आणि निवडणुकीत पॅनेल जातीवर पडतं का पाण्यावर. ज्या गटात चार जातींच्या बायका एकमेकींच्या कर्जाला जामीन आहेत, तिथल्या घरांतून जाणारी पोरं ट्रॅक्टरवर चढताना जरा तरी विचार करतील.

सरांना आणखी एक हवं होतं, मोजणी. जातगणना होणार असं केंद्राने ३० एप्रिल २०२५ ला जाहीर केलं. "आकडे येऊ दे. कोण किती, कोणाला किती मिळालं. अंदाजावर भांडण्यापेक्षा आकड्यावर भांडलेलं बरं."

"आकडे आले की भांडण वाढल, सर."

"वाढेल. पण खोटं पत्र दाखवून कोणाचं डोकं उडवता येणार नाही."

मोताळा जवळ आलं तसा खरा विषय निघाला. तो दोघांच्याही मनात सकाळपासून असावा. पंचायत समितीचा त्यांचा गण ओबीसीसाठी राखीव झाला तर विद्यार्थी उभा राहणार होता. कुणबी दाखला आहे, पडताळणी झालेली आहे, कायद्याने काही अडचण नाही.

"कायद्याने नाही," सर म्हणाले. "पण त्या गणात तुमची मतं निम्म्याच्या वर. खुल्या जागेवर तूच, राखीव जागेवरही तूच. मग शिंप्याच्या, गुरवाच्या पोराने कुठे जायचं?"

"मंग मी काय करू? दाखला फाडू?"

"दाखला ठेव. पोराच्या शिक्षणाला वापर, नोकरीला वापर. पण राजकारणातली ओबीसी जागा छोट्या जातींना सोड. तू सोड, म्हणजे मला आमच्या लोकांनाही सांगता येईल. माळी समाजही या भागात लहान नाही. आम्हीही एक टर्म सोडू."

"तुमचे लोक ऐकतीन?"

"तुझे ऐकतील का?"

विद्यार्थी बराच वेळ हिशेब करत होता. मग म्हणाला, "सोडतो. पण तुम्ही भोकरदनले या. भाच्याची फाइल समितीपुढं लागली की तुमच्या संघटनेचे लोक सरसकट हरकत घेऊन राह्यले. तुम्ही कागद पाहा, खरा असन तं हरकत मागं घ्याले लावा. खोटा असन तं मीच पहिला फाडीन."

"मी काय, अधिकारी आहे?"

"तुम्ही सर आहा. तिथले दोन जण तुमच्याच हाताखाली शिकले."

सर चिडले. ही गोष्ट वेगळी, ती गोष्ट वेगळी, जागेचा सौदा साक्षीशी करता येत नाही, असं बरंच बोलले. विद्यार्थी म्हणाला की मग सौदाच नको, मी उभा राहतो आणि तुम्ही माझ्याविरुद्ध प्रचार करा. बसस्टँडपाशी रिक्षा थांबली तरी दोघं उतरेनात.

"बरं," शेवटी सर म्हणाले, "कागद पाहीन. पाहीन एवढंच म्हणतो. पण जागा सोडण्याचं मला लेखी पाहिजे."

"शंभराच्या बाँडवर देतो."

"शंभराचा आता चालत नाही," रिक्षावाला म्हणाला. "पाचशेचा लागते. आन त्या गणात आमचीबी चारशे मतं हायत, तवा त्या बाँडवर सही कोणाकोणाची राहीन ते आधी ठरवा."